पायी चालणाऱ्याचीही थोडी चूक असेल तर दावा बुडतो का?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. माझ्या मावशीच्या यजमानांना (वय ६६) रस्ता ओलांडताना चारचाकीने उडवलं. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घातलाय, अजून वॉकर घेऊन चालतात. झेब्रा क्रॉसिंग तिथून बरंच पुढे होतं आणि काकांनी तिथवर न जाता मधूनच रस्ता ओलांडला, हे खरं आहे. ते स्वतःच तसं सांगतात. पण गाडी भरधाव होती, हेही दोन जणांनी पोलिसांना सांगितलंय. चालकाचा जबाब मात्र एका ओळीचा: "पादचारी अचानक आडवा आला."

विमा कंपनीकडून एक गृहस्थ घरी येऊन गेले. म्हणाले, "चूक तुमचीच आहे, कोर्टात गेलात तर काहीच हाती लागणार नाही, त्यापेक्षा ही रक्कम घ्या आणि सही करा." ती रक्कम दवाखान्याच्या बिलाच्या निम्मीही नाही. मावशी घाबरलीये आणि सही करून मोकळं व्हावं म्हणतेय.

चालणाऱ्याची थोडी चूक असली की दावा खरंच संपतो का? आणि ती चूक किती, हे ठरवतं कोण? माझं मत विचाराल तर, पायी माणसाला लागलं की सगळे आधी "तू तिथे काय करत होतास?" एवढंच विचारतात. गाडी किती वेगात होती हे कुणी विचारतच नाही. याची चीड येते.

टिटवी
आधी एकच: सही करू नका. बाकी जाणकार सांगतीलच.

मध्यस्थ
पाऊलवाट, बरीच वर्षं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कामं चालवतो आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

चालणाऱ्याची चूक असली तरी दावा संपत नाही. अपघातात जखमीचाही थोडा दोष असणं, याला आपल्याकडे सगळे कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स म्हणतात. एकूण भरपाई आधी ठरते आणि मग त्यातून चालणाऱ्याच्या चुकीचा वाटा वजा होतो. समजा एकूण भरपाई १० लाख ठरली आणि काकांची चूक २० टक्के धरली, तर ८ लाख मिळतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली अर्ज करायचा. वाटा न्यायाधिकरण ठरवतं. घरी आलेल्या गृहस्थांना तो अधिकार नाही.

दुसरं म्हणजे, चालणाऱ्याची चूक होती असं जो म्हणतो, त्यानेच ती सिद्ध करायची. लेखी म्हणण्यात विमा कंपनी हा मुद्दा बहुतेक प्रत्येक खटल्यात घालते, तेवढ्याने घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या जिजू कुरुविला प्रकरणात सांगितलंय की अपघातानंतर वाहनं कुठे उभी होती एवढ्या पंचनाम्यातल्या नोंदीवरून अशी चूक गृहीत धरता येत नाही. २०१४ च्या मीरा देवी प्रकरणातही हेच, ठोस पुरावा हवा. प्रत्यक्षात काय होतं, तर चालकाला साक्षीच्या पिंजऱ्यात आणलंच जात नाही. "अचानक आला" हे वाक्य कागदावरच राहतं आणि उलटतपासणीला कुणी सामोरं जात नाही. अशा वेळी न्यायाधिकरण त्या वाक्याला फार किंमत देत नाही.

तिसरी गोष्ट सहीची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १४९ मध्ये विमा कंपनीने तडजोडीचा प्रस्ताव द्यायची रीतसर पद्धत आहे. तो मान्य केला तर न्यायाधिकरण तशी नोंद करतं, नाकारला तर दावा गुणदोषांवर चालतो. नाकारणं हा तुमचा हक्क आहे. घरच्या टेबलावर कोऱ्या पावतीवर सही मागणं यात कुठेच बसत नाही.

चक्रधर
मी रोज गाडी चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग नसावा. अंधारात, उभ्या बसच्या पुढून माणूस पळत आला तर चालकाने करायचं काय? ब्रेक दाबेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. अशा वेळीही "गाडी मोठी, म्हणून चूक गाडीची" हा न्याय मला पटत नाही. माझ्या परिचयातल्या एका सज्जन माणसाने अशा अपघातानंतर गाडी चालवणंच सोडलं. त्याची काहीही चूक नव्हती.

मध्यस्थ
चक्रधर, राग कशाला, मुद्दा बरोबर आहे. सगळी चूक चालणाऱ्याचीच आणि चालकाला काही करणं शक्यच नव्हतं असं सिद्ध झालं, तर कलम १६६ चा दावा फेटाळला जातो. असे निकाल आहेत.

पण तिथेही कायद्याने एक आधार ठेवलाय. कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध करावंच लागत नाही. मृत्यू झाल्यास ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. १ एप्रिल २०२२ पासून ही तरतूद लागू आहे. १६४ चा मार्ग घ्यायचा की १६६ चा, हे वकिलाबरोबर बसून विचारपूर्वक ठरवा. १६६ मध्ये रकमेला वरची मर्यादा नाही, पण निष्काळजीपणा दाखवावा लागतो.

निशिगंधा
> पायी माणसाला लागलं की सगळे आधी "तू तिथे काय करत होतास?" एवढंच विचारतात.

अगदी अगदी. माझ्या नणंदेला स्कूटरने मागून धडक दिली. ती रस्त्याच्या कडेने चालत होती, कारण फुटपाथच नव्हता. तरी समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न, "तुम्ही फुटपाथवरून का चालत नव्हता?" तिने शांतपणे विचारलं, "कुठल्या?" त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या दाव्यात कपात झाली नाही.

जुनीपानं
मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंच आहे की चालण्याजोगे फुटपाथ असणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. जो रस्ता चालणाऱ्याला जागाच देत नाही, त्या रस्त्यावर "तू चुकीच्या जागी होतास" असं म्हणणं अन्यायाचं आहे.

थोडं अवांतर, पण या विषयाचा उगम फार रंजक आहे. १८०९ साली इंग्लंडमध्ये एकाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात आडवा वासा टाकून ठेवला. संध्याकाळी एक स्वार भरधाव आला, वाशाला अडखळला आणि पडून जखमी झाला. न्यायालय म्हणालं, स्वाराने नीट लक्ष दिलं असतं तर वासा दिसला असता, सबब त्याला काहीच मिळणार नाही. हा बटरफील्ड विरुद्ध फॉरेस्टर खटला. तुझी जराशी जरी चूक असली तरी सगळा दावा गेला, हा कठोर नियम तिथून आला.

मग १८४२ मध्ये डेव्हिस विरुद्ध मॅन. एकाने आपल्या गाढवाच्या पुढच्या पायांना दोर बांधून ते रस्त्यावर चरायला सोडलं होतं. घोडागाडी वेगात आली आणि गाढव मेलं. मालकाची चूक होतीच. पण गाडीवान नीट हाकत असता तर टक्कर टाळू शकला असता, म्हणून मालकाला भरपाई मिळाली. अपघात टाळायची शेवटची संधी कुणाच्या हातात होती, हा विचार इथून रुजला. पुढे १९४५ मध्ये इंग्लंडने कायदा करून चुकीच्या प्रमाणात वाटणी आणली.

टिटवी
म्हणजे माणसाला जे मिळालं नाही ते गाढवाने मिळवून दिलं! धाग्यातर्फे त्या गाढवाला सलाम.

उत्तरवारा
जुनीपानं, तो १८०९ चा नियम अजून जिवंत आहे. अमेरिकेत अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना आणि व्हर्जिनिया या राज्यांत चालणाऱ्याची एक टक्का चूक सिद्ध झाली तरी दावा बुडू शकतो. शेवटच्या संधीसारखे अपवाद आहेत, पण ते दाखवता आले पाहिजेत. राजधानी वॉशिंग्टनमध्येही हाच नियम होता. २०१६ च्या कायद्याने तो चालणाऱ्यांपुरता आणि सायकलस्वारांपुरता बदलला. आता त्यांची चूक निम्म्याहून जास्त असेल तरच दावा जातो.

कॅलिफोर्नियात १९७५ पासून सरळ प्रमाण आहे. ९० टक्के चूक चालणाऱ्याची असली तरी उरलेले १० टक्के मिळतात. फ्लोरिडातही बराच काळ तसंच होतं. २०२३ मध्ये त्यांनी निम्म्याची अट घातली. थोडक्यात, तोच माणूस, तीच गाडी, तीच चूक, पण राज्याची हद्द ओलांडली की निकाल बदलतो. मला हे फार अस्वस्थ करतं.

कालवाकाठ
युरोपातला विचार उलट दिशेने जातो. नेदरलँड्समध्ये मोटारीने चालणाऱ्याला किंवा सायकलस्वाराला धडक दिली आणि तो १४ वर्षांपेक्षा लहान असेल, तर भरपाई पूर्ण. मोठ्या माणसाची चूक असली तरी किमान निम्मी मिळतेच, मुद्दाम केलं असेल किंवा बेपर्वाईची हद्द गाठली असेल तर गोष्ट वेगळी. फ्रान्समध्ये ५ जुलै १९८५ चा कायदा आहे. चालणाऱ्याची चूक अक्षम्य असेल आणि अपघाताचं तेवढं एकच कारण असेल, तरच त्याच्या दुखापतीची भरपाई नाकारता येते. १६ च्या आतले आणि ७० च्या वरचे यांना त्याहून जास्त संरक्षण आहे.

यामागचं कारण साधं आहे. गाडीचा विमा सक्तीचा आहे, चालणाऱ्याचा नाही. गाडी रस्त्यावर आणल्याने जो धोका निर्माण होतो, त्याचा खर्च सगळ्या गाडीवाल्यांच्या हप्त्यांतून मिळून जावा. एकट्या मोडलेल्या पायावर तो येऊ नये.

चक्रधर
कालवाकाठ, हे वाचून विचारात पडलो. चालकाला दोषी ठरवणं आणि विम्यातून पैसे देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पटतंय. माझा आक्षेप पहिल्या गोष्टीला होता.

पण कानात इयरफोन आणि नजर मोबाइलमध्ये, अशा माणसाचं काय? झेब्रावर असला तरी?

मध्यस्थ
चांगला प्रश्न. नियम मोडला म्हणजे लगेच वाटा कापला, असं होत नाही. त्या नियमभंगामुळे अपघात झाला किंवा दुखापत वाढली, हे दाखवावं लागतं. २०२० चं मोहम्मद सिद्दीक प्रकरण पाहा. मोटारसायकलवर तिघं होते, म्हणजे नियम मोडलेला होताच. मागून कारने धडक दिली आणि मागे बसलेला गेला. उच्च न्यायालयाने तिघं बसल्याबद्दल भरपाई कापली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली, कारण तिघं बसल्यामुळे अपघात झाला असा कसलाही पुरावा नव्हता.

हेच इयरफोनला लावा. सिग्नल चालणाऱ्याच्या बाजूने हिरवा, माणूस झेब्रावर आणि गाडीने लाल सिग्नल तोडला, तर कानात काय होतं याला अर्थ उरत नाही. पण हॉर्न वाजला, बाकीचे थांबले आणि हा एकटाच मोबाइल बघत पुढे गेला, तर वाटा कापला जाईल. दारूचंही तसंच. रक्तात दारू सापडली, पण माणूस कडेने सरळ चालत होता आणि गाडी त्याच्यावर चढली, तर ती दारू अपघाताचं कारण नव्हे.

गणिती
"अचानक आला" या वाक्याची परीक्षा आकड्यांनी होऊ शकते, वकील मंडळी ती पुरेशी करत नाहीत असं मला वाटतं. माणूस साधारण सेकंदाला १.२ मीटर चालतो. साडेतीन मीटरची एक मार्गिका ओलांडायला त्याला जवळजवळ तीन सेकंद लागतात. ताशी ५० किमी वेगाची गाडी तेवढ्यात ४० मीटरहून जास्त अंतर कापते. म्हणजे माणूस एक पूर्ण मार्गिका ओलांडून दुसऱ्या मार्गिकेत गाडीखाली आला असेल आणि मध्ये आडोसा नसेल, तर चालकाला तो ४० मीटर आधी दिसायला हवा होता.

आता थांबण्याचं बघू. प्रतिसादाला एक सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर बरा ब्रेक धरला, तर ताशी ५० ची गाडी सुमारे २८ मीटरमध्ये थांबते. ताशी ७० च्या गाडीला सुमारे ४६ मीटर लागतात. समजा माणूस ३० मीटरवर दिसला. ५० ची गाडी त्याच्या आधी थांबते. ७० ची गाडी, ब्रेक दाबूनही, त्याच्यापाशी पोचते तेव्हा तिचा वेग अजून ताशी ५५ च्या आसपास असतो. वरवर २० किमीचाच फरक दिसतो, पण एकीकडे नुसतं दचकणं आहे आणि दुसरीकडे मोडलेलं हाड किंवा मृत्यू.

म्हणून पाऊलवाट, काका रस्त्याच्या नेमक्या कुठल्या भागात होते, कडेपासून किती पावलं आत, हे पंचनाम्यात आहे का ते पाहा.

निशिगंधा
गणिती, फार मोलाचं लिहिलंत. नणंदेच्या वेळी हे कुणीच सांगितलं नव्हतं.

सायली_व
लहान मुलांचं काय? माझ्या भाच्याला (वय ९) चेंडूच्या मागे धावताना दुचाकी लागली. समोरचे म्हणतात, मुलाची आणि लक्ष न ठेवणाऱ्या आईची चूक. वहिनी रात्र रात्र रडते.

जुनीपानं
सायली, वहिनींना धीर द्या. नऊ वर्षांच्या मुलाकडून मोठ्यासारखी सावधगिरी अपेक्षित धरत नाहीत. त्या वयाच्या मुलाने जेवढी घेतली असती तेवढीच मोजायची. जर्मनीत तर दहा वर्षांच्या आतलं मूल वाहन अपघातात चुकीला जबाबदार धरलंच जात नाही. वस्तीतून गाडी चालवताना मूल धावत येऊ शकतं, हे चालकाने गृहीत धरायचं असतं.

स्कॉटलंडचं एक प्रकरण सांगतो, जॅक्सन विरुद्ध मरे. २००४ मध्ये १३ वर्षांची मुलगी शाळेच्या मिनीबसमधून उतरली आणि बसच्या मागून रस्त्यात आली. गाडी ताशी ५० मैलांच्या वेगात होती, बस दिसूनही चालकाने वेग कमी केला नव्हता. पहिल्या न्यायाधीशाने मुलीची चूक ९० टक्के धरली. अपिलात ७० झाली. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात ५० टक्के, तेही तीन विरुद्ध दोन मतांनी. एकच घटना, तेच पुरावे, आणि वाटा ९० वरून ५० वर आला. म्हणून सांगतो, पहिला आकडा ऐकून कुणी हार मानू नये.

उत्तरवारा
त्याच्याही आधी २००३ मध्ये ईगल विरुद्ध चेंबर्स. १७ वर्षांची मुलगी रात्री रस्त्याच्या मधोमध चालत होती. इतर चालकांनी तिला पाहिलं, टाळलं. एकाने मात्र उडवलं, आणि तो प्यायलेला होता. तिची चूक आधी ६० टक्के धरली होती, अपिलात ४० झाली. न्यायालयाचं म्हणणं असं की चालणारा एकदम गाडीपुढे आला नसेल, तर त्याचा वाटा चालकापेक्षा जास्त निघणं फार विरळा. कारण मोटारीने जेवढी इजा होते, तेवढी चालणाऱ्या माणसाने मोटारीला होत नाही.

पाऊलवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. मावशीला हा धागा वाचून दाखवला, सही होणार नाही हे नक्की झालं. समोरच्या इमारतीच्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरणही मिळालंय. काका जवळजवळ दुभाजकापाशी पोचले होते, तेव्हा गाडी आली.

आता दोन शंका. मुदत किती असते? आणि डॉक्टरांनी दाखल्यात पायाचं अपंगत्व ३० टक्के लिहिलंय, तर ते गृहस्थ म्हणत होते की एवढीच भरपाई आणि त्यातून पुन्हा चुकीचा वाटा कापणार. हे बरोबर आहे का?

गणिती
दुभाजकापाशी! म्हणजे अख्खी बाजू ओलांडून झाली होती. मग "अचानक" कुठून आलं?

मध्यस्थ
चित्रीकरण आजच पेन ड्राइव्हवर घ्या, मूळ यंत्रातलंही पुसलं जाऊ नये म्हणून इमारतीच्या सचिवांना लेखी पत्र द्या आणि पोलिसांनाही कळवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकील तयार करून घेतील.

मुदत: दुरुस्तीनंतर कलम १६६ मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची अट आली आहे. त्या अटीला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण तुम्ही त्या भरवशावर राहू नका, सहा महिन्यांच्या आतच अर्ज टाका. पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. तो गेलाय का, ठाण्यात विचारा. तो अहवालही न्यायाधिकरणाने दाव्याचा अर्ज म्हणून धरायचा असतो. अर्ज अपघाताच्या जागी किंवा तुम्ही राहता तिथेही करता येतो.

टक्केवारीत मात्र त्या गृहस्थांनी घोळ घातलाय, आणि तो अनेकांच्या बाबतीत घालतात. दाखल्यावरचे ३० टक्के पायाचे आहेत. त्यामुळे कमाईवर किती परिणाम झाला, हा वेगळा हिशोब, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात तो समजावून दिला आहे. बैठं काम करणाऱ्याचं नुकसान १० टक्केही नसेल, ओझी वाहणाऱ्याचं सगळं कामच जाऊ शकतं. काका काही कामधंदा करत असतील तर त्याचे कागद जमवा. निवृत्त असतील तरी औषधोपचार, पुढचं ऑपरेशन, मदतनीस, प्रवास, वेदना, चालण्या-फिरण्याचं गेलेलं सुख, हे सगळं मागता येतं. यांवर त्या ३० टक्क्यांचं गुणोत्तर लागत नाही. ही बेरीज पूर्ण झाल्यावर, आणि चूक सिद्ध झाली तरच, त्यातून वाटा वजा होतो.

चक्रधर
पाऊलवाट, माझ्या माहितीसाठी विचारतो. पोलिसांनी चालकावर गुन्हा नोंदवला आहे ना? तो सुटला तर दावाही जातो का?

मध्यस्थ
नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, दाव्यात शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच पाहतात. चालक तिकडे सुटला म्हणून इकडे दावा पडत नाही.

पाऊलवाट
शेवटचं विचारते. काकांना साक्ष द्यावी लागेल का? झेब्रा सोडून ओलांडलं हे त्यांनी कबूल करावं का? मावशी म्हणते, ते सांगूच नका.

मध्यस्थ
साक्ष द्यावी लागेल, आणि खरंच सांगायचं. झेब्रा पुढे होता, मी मधून ओलांडलं, ओलांडण्याआधी दोन्हीकडे पाहिलं, गाडी लांब होती, मी दुभाजकाजवळ पोचलो होतो. जे घडलं ते याच क्रमाने. लपवलं आणि कॅमेऱ्यात दिसलं, तर त्यांच्या बाकीच्या साक्षीवरही विश्वास बसणार नाही. आहे तसं सांगितलं तर माझ्या अंदाजाने फार तर थोडी कपात होईल, आणि चालक पिंजऱ्यात आलाच नाही तर कदाचित तीही होणार नाही. साक्षीआधी वकिलाला काकांना घेऊन त्या जागेवर एकदा जायला सांगा, अंतरं टेपने मोजून ठेवा.